काच मधून फुटली होती

मोबाइलच्या दुकानातला माणूस 'टफन लावून घ्या, पडला तरी काही होत नाही' म्हणत काच काउंटरवर आपटून दाखवतो, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. मी आता अमरावतीत राहतो, इथे चौकाचौकात अशी दुकानं आहेत, म्हणजे दिवसातून एकदा तरी डोकं फिरणं आलंच. बायको म्हणते, काचेवर कोणी एवढं चिडतं का? मी काचेवर चिडत नाही. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडवर चिडतो, तिथल्या मालकावर चिडतो आणि स्वतःवर चिडतो.

त्या शेडमध्ये आम्ही मोबाइलवर लावायच्या काचा करायचो. बाहेरून मोठाले तक्ते यायचे, पापडासारखे पातळ आणि तेवढेच ठिसूळ. यंत्रावर हिऱ्याच्या टोकाने रेघ मारायची, रेघेवर मोडायचं, मग बायका एकेका तुकड्याची कड दगडावर घासून गुळगुळीत करायच्या. त्यानंतर काच माझ्याकडे यायची, मिठाच्या भट्टीत. मीठ म्हणजे खायचं नव्हे, पोटॅशियम नायट्रेट. ते तापवून पाण्यासारखं करायचं आणि त्यात काचा काही तास बुडवून ठेवायच्या. काचेच्या वरच्या थरात सोडियमचे बारीक कण असतात, ते निघून जातात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे जाड कण घुसतात. अकोटच्या एसटीत तिघांच्या सीटवरून एखादा किडकिडीत माणूस उठावा आणि त्याच जागेत पैलवान येऊन बसावा, तसं. सगळे एकमेकांना दाबून बसतात, कोणाला हलता येत नाही, आणि काच टणक होते. एकदा टणक झाली की मात्र तिला कापता येत नाही की घासता येत नाही, तुकडेच होतात. म्हणून जे काय करायचं ते मिठाच्या आधी.

कड घासणाऱ्यांत एक वहिनी होत्या, चाळिशीच्या. शहराच्या कडेला त्यांचं माळ्याचं घर. सासरची मंडळी भाजीपाला पिकवायची आणि वहिनी पहाटे मेथीच्या जुड्या बांधून मग कामावर यायच्या. घासून झालेल्या काचेच्या चारही कडांवरून त्या करंगळीचं नख फिरवायच्या. डोळे दुसरीकडेच. नख जरा अडलं की तुकडा पुन्हा दगडावर. बाकीच्या बायका भिंगातून बघायच्या आणि शंका आली की भिंग ठेवून वहिनींकडे धावायच्या. 'वहिनींच्या हातची कड' असं वेगळं बोललं जायचं, पुरणपोळीबद्दल बोलतात तसं. त्या नावाचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवायच्याही नाहीत.

एका उन्हाळ्यात मीठ वेळेवर आलं नाही. भट्टीतलं मीठ मेलं होतं, म्हणजे काचेतून निघालेलं सोडियम त्यात इतकं साचलं होतं की ते बदलावंच लागणार होतं. नव्या मिठाची गाडी गुजरातकडे कुठे तरी अडकलेली. मालकाने नागपूरच्या व्यापाऱ्याला मालाची तारीख देऊन ठेवली होती आणि तो केबिनमधून सारखा फोनवर ओरडत होता. तेव्हा मी तोंड उघडलं. केमिस्ट्रीत बीएस्सी झालेला आणि संत्र्याच्या बागेत वाढलेला मी.

"साहेब, हे तं तेरा-शून्य-पंचेचाळीस हाय. आमी संत्र्यावर फवारतो ते. कृषी केंद्रात पोत्यानं भेटते."

हे खत वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं, आणि ते खरोखरच पोटॅशियम नायट्रेट असतं. मालकाचा चेहरा उजळला. "अरे, मग आधी का नाही बोललास?" मीच गाडी घेऊन गेलो आणि पोती आणली. खतात थोडं सोडियम, थोडा चुना निघाला तर झाड काही तक्रार करत नाही, पण काचेला ते चालत नाही. हे मला कळायला हवं होतं. मी मात्र भावाला फोन करून सांगितलं की तुया खतावर कारखाना चालून राह्यला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

पहिली खेप दिसायला छान निघाली. तपासणीत आम्ही एक लोखंडी गोळी ठरलेल्या उंचीवरून काचेच्या मधोमध सोडायचो. पहिली काच फुटली. दुसरी फुटली. ट्रेमधल्या जवळजवळ सगळ्या फुटल्या. मालक केबिनमधून बाहेर आला. काच कडेपासून फुटते एवढंच त्याने कुठून तरी ऐकलेलं. तो सरळ वहिनींच्या टेबलाशी गेला.

"तुमच्या कडा कच्च्या आहेत. सगळा माल गेला."

वहिनी उठून उभ्या राहिल्या. "साहेब, माया हातची कड हाय ते. फुटलेला तुकडा दाखवा मले."

"तुकडे काय बघायचे? भंगार झालंय सगळं."

तुकडे माझ्यासमोर ट्रेमध्ये होते. काच कुठून फुटली हे ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. कडेला खोट असली की तडे त्या कडेपासून आत पसरत जातात. माझ्यासमोरच्या एकूण एक काचेचे तडे मधून, जिथे गोळी पडली तिथून निघाले होते. कडेला खोट होतीच कुठे? म्हणजे काचेला मीठच नीट लागलं नव्हतं, आणि ते मीठ मी आणलं होतं.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी सांगा. कुठून फुटली?"

शेडमधले सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "पाहा लागन, वैनी."

पाहा लागन! हातभर अंतरावर पडलं होतं सगळं. आता खताचं निघणार आणि मी जाणार, या भीतीने मी मूग गिळून बसलो. माझ्याऐवजी त्या गेल्या, त्याच दुपारी. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथेच उभा राहून बघत होता. त्यांनी हातातली काच टेबलावर नीट आडवी ठेवली, डबा पिशवीत टाकला आणि त्या फाटकाबाहेर पडल्या.

खरा संताप पुढेच आहे. चार दिवसांनी मिठाची गाडी आली. मी भट्टी रिकामी केली, नवं मीठ भरलं आणि काचा पूर्वीसारख्या टणक निघाल्या. मालक स्वतः गोळी सोडत होता आणि हसत होता. "बघा, बाई गेली आणि माल सुधारला." बायकांनी माना डोलावल्या. परवापर्यंत भिंग ठेवून ज्यांच्याकडे धावत होत्या, त्यांच्याबद्दल! मला त्या बायकांचा भयंकर राग आला. राग यायला माझं काय जात होतं? त्यांना बिचाऱ्यांना मिठाचं कुठे ठाऊक होतं? मग ती गोष्ट शेजारच्या शेडमध्ये गेली, तिथून आणखी पुढे. एमआयडीसीतच आरशांच्या कडा घासायची एक जागा होती. वहिनी तिथे काम विचारायला गेल्या, तर तिथल्या माणसाने त्यांना फाटकातूनच परतवून लावलं. काचा फोडणारी बाई नको म्हणाला.

दिवाळीच्या आधी त्या मला बाजारात भाजी घेऊन बसलेल्या दिसल्या. मला टाळता आलं असतं. पण मी गेलो, त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि खत, पोती, तडे, सगळं सांगून टाकलं. सांगताना, लिहायला लाज वाटते, मला जरा बरं वाटत होतं.

वहिनी एका गिऱ्हाइकाला वांगी तोलून देत होत्या. ते गेल्यावर म्हणाल्या, "मले काहून सांगून राह्यले, भाऊ? मले तं तवाच मालूम होतं. मायी कड मले मालूम नाई काय? ज्यायले मालूम नाई त्यायले सांगा ना."

"सांगतो वैनी," मी म्हणालो. "सोमवारीच सांगतो."

त्यांनी तराजू उचलला. पुढचं गिऱ्हाईक आलं होतं.

सोमवारी मी कामावर गेलो आणि भट्टी सुरू केली. त्यानंतर त्या शेडमध्ये मी आणखी चौदा महिने काम केलं, आणि कोणालाही काही सांगितलं नाही.