धुरंधरचा ट्रॅक्टर

गावात त्याला धुरंधर म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. वाटणीत वडिलांचा जुना ट्रॅक्टर त्याच्याकडे आला आणि घराची उजेडाची बाजू धाकट्या भावाकडे गेली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात जो जाळ पेटला तो विझलाच नाही. रोज सकाळी तो ट्रॅक्टर भावाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आणून लावायचा, रेस अगदी खाली आणायचा आणि इंजिन तसंच सोडून आत चहा प्यायला जायचा. इंजिन दमेकरी म्हाताऱ्यासारखं खोकत राही आणि पांढुरका धूर थेट भावजयीच्या ओट्यावर जाई.

भावजयीने आधी खिडकी आपटली, मग भांडी आपटली. शेवटी भाऊच बाहेर आला.

"दादा, बंद कर ते."

"जुनं इंजिन आहे. तापायला वेळ लागतो."

"ऊन डोक्यावर आलं, अजून तापतंय? पोरांचे डोळे चुरचुरतात."

"माझं डिझेल, माझं अंगण. तुझ्या पोरांचं तू बघ."

"निदान इंजिनाची तरी कीव कर. नुसतं हळू चालत ठेवलंस तर आतून खराब होईल. बाबा चालू केलं की कामाला जुंपायचे."

बाबांचं नाव निघालं आणि धुरंधरचं टाळकंच सटकलं. "बाबांचं मला काही शिकवू नकोस! त्यांचं दुखणं मी काढलं. तू खिडक्या मोजत बसला होतास!"

भाऊ पाय आपटत आत गेला. दुसऱ्या दिवशी धुरंधरने ट्रॅक्टर आणखी हातभर पुढे घेतला.

"वारा फिरला की धूर आपल्याच घरात येतो," बायको कुरकुरायची. तो कानाआड करायचा. धुराड्यातून काळा ओशट रस गळू लागला. आणि नवल म्हणजे इंजिनातलं ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागलं. "लोकांची इंजिनं ऑइल पितात, माझं दूध दिल्यासारखं देतं!" असं तो चहाच्या टपरीवर छाती फुगवून सांगायचा.

नांगरणीच्या दिवशी मात्र सगळं सोंग उघडं पडलं. नांगर मातीत शिरताच इंजिन धापा टाकू लागलं आणि रानाच्या मधोमध बंद पडलं. भाऊ शेजारच्या बांधावर उभा होता. हाक मारली असती तर आलाही असता. पण जीव गेला तरी धुरंधर हाक मारणार नव्हता.

फिटर आला. त्याने ऑइलची पट्टी काढून हुंगली. "यात डिझेल उतरलंय. हळू रेसवर तासन्‌तास चालवत होता ना?"

"छे! कामापुरतंच."

"खोटं कशाला बोलता?" बायको तडकली. "रोज सकाळी चालवतात. भावाला धुरी द्यायला!"

फिटरने हसू दाबलं. "हळू रेसवर इंजिन थंडच राहतं, डिझेल पुरतं जळत नाही. ते खाली उतरून ऑइल पातळ करतं. सिलिंडर आतून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पिस्टनच्या रिंगा पकडच घेत नाहीत. आता सगळं उघडावं लागेल. दुरुस्त झालं की याच्याकडून काम करून घ्या, नुसतं गुरगुरत ठेवू नका."

इंजिन वर्कशॉपमध्ये गेलं आणि अंगण गप्प झालं. खिडकी सताड उघडी राहू लागली. आतून भावजयीचं हसणं आलं की धुरंधरला वाटे, आपल्यालाच हसतेय. तो दातओठ खात बसे.

ट्रॅक्टर परत आला तसा त्याने तो सरळ रानात नेला आणि दिवसभर नांगरलं. इंजिन दणक्यात ओढत होतं. संध्याकाळी तो अंगणात शिरला, सवयीने खिडकीकडे वळला आणि थबकला. खिडकी नव्हती. तिथे विटा होत्या, सांध्यांत ओलं सिमेंट. भाऊ बादलीत थापी धूत होता.

"घाल आता किती धूर घालायचा तो," भाऊ म्हणाला. या वेळी 'दादा' म्हणून हाक मारली नाही.

धुरंधरला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

"माझ्या बाजूचा गिलावा नीट कर," तो म्हणाला.

भाऊ बादली उपडी करून आत गेला. धुरंधरने इंजिन बंद केलं. घरात बायकोने त्याच्यापुढे ताट असं आदळलं की पाण्याचा पेला कलंडला.