भिकाजीच्या ब्रेकातली हवा

आमच्या शेजारचा भिकाजी टॅक्सी चालवायचा, पण मासळीची पाटी कधी गाडीत घेत नसे. मासेवाल्या बायका त्याला भर बाजारात सोलून काढत, तरी हा हसत पुढे. खाऱ्या वाऱ्याने गंजू नये म्हणून तो त्या म्हाताऱ्या गाडीला रोज विहिरीच्या पाण्याने न्हाऊ घाली. एवढे लाड त्याच्या बायकोचे, शेवंतीचे, कधी झाले नाहीत, असं मी गावभर सांगत असे. मला दुसरा उद्योग नव्हता.

सन साठ-एकसष्टच्या सुमारास त्या गाडीचा ब्रेक गेला. भिकाजीने दाबला रस्त्यात आणि गाडी थांबली गवताच्या उडवीत. बातमी देवगडला त्याच्या व्याह्यांपर्यंत, परशुराम मास्तरांपर्यंत पोचली. कशी पोचली, ते मला विचारू नका. भिकाजीची मुलगी दुर्गा त्यांची सून. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी यायची होती. मास्तरांनी निरोप धाडला: गाडी धड असेल तर घेऊन जा, नाहीतर बाळंतपण इथेच होईल. शेवंतीने डोळ्यांना पदर लावला.

भिकाजीने कोल्हापूरहून ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा नवा मास्टर सिलिंडर आणवून बसवला. राहिली होती पाइपांत शिरलेली हवा. ती काढायला दोघे लागतात. एकाने आत बसून ब्रेकचं पायडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकामागे आडवं होऊन निपल, म्हणजे हवा सोडायची तोटी, सैल करायची, की तेलाबरोबर बुडबुडे नळीतून बाटलीत येतात. निपल पुन्हा आवळेपर्यंत पाय हलवायचा नाही. हलला तर हवा परत आत. अक्कल लागत नाही, म्हणून भिकाजीने मला बोलावलं.

आता आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय नवं काम होत नाही, आणि भिकाजीचं तर प्रत्येक चाकाला वेगळं गाऱ्हाणं. निपल सैल केलं की गाडीखालून आवाज यायचा.

"बा देवा म्हाराजा, नवो सिलिंडर बसयलो आसा, तेका संबाळ. माझ्या दुर्गाक सुखरूप घराक घेवन ये."

"व्हय म्हाराजा," मी आतून म्हणायचो.

चारी चाकं झाली, तरी पायडल लोण्यात बोट जावं तसं आत जाई. पुन्हा चारी चाकं केली, पुन्हा तेच. भिकाजीला वाटलं, सिलिंडरच खराब आला. मला वाटलं, देव मनावर घेत नाही. तसं मी बोलूनही दाखवलं. ओसरीवरची शेवंती मात्र बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"धोंडूभावजी, देवाक हात जोडतास, तेवा पाय खंय आसता तुमचो?"

पाय वर होता. देवाला होकार द्यायचा तर उभं राहून, अशी लहानपणापासूनची सवय. गाडीत उभं राहता येईना, म्हणून पाय तेवढा उचलला जात होता. भिकाजी हवा बाहेर काढत होता आणि मी ती भक्तिभावाने परत आत घेत होतो.

भिकाजी तेलकट तोंडाने बाहेर आला.

"धोंडू, देव थांबात. तू तोंड मीट आणि पाय दाबून धर."

मग शेवंती गाडीच्या खिडकीपाशी माझ्या पायाच्या राखणीला उभी राहिली. मी इतका वेळ गप्प बसलो की वरच्या घरची माणसं मला बरं नाही की काय म्हणून बघून गेली. शेवटी पायडल दगडासारखं टणक लागलं. गाऱ्हाणं त्यानंतर झालं, अंगणात उभं राहून.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे देवगडला गेलो. मास्तरांनी गाडीला प्रदक्षिणा घातली आणि हवा काढताना पायडलवर पाय कोणाचा होता, ते विचारलं. भिकाजी पडला खऱ्याचा माणूस. त्याने माझ्याकडे बोट केलं.

"मग हेच समोरच्या उताराच्या पायथ्याशी उभे राहतील," मास्तर म्हणाले. "गाडी यांच्यासमोर थांबवून दाखवा."

स्वतःच्या पायावर माझा किती विश्वास आहे, ते मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. मी दोनदा बाजूला सरकलो. मास्तरांनी दोनदा दंडाला धरून मधोमध आणलं. गाडी वरून सुटली, तसे मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बंपर माझ्या धोतराला टेकायचा बाकी होता आणि मास्तर घराकडे तोंड करून सांगत होते, "दुर्गे, बोचकं घे. निघा आता."

दुर्गा सावकाश येऊन मागे बसली. मी पुढे.

"धोंडूकाकानू, थरथरतास कित्याक? ब्रेक लागलो मां?"

"गाडयेचो लागलो गो," मी म्हटलं. "माझे पाय अजून थांबाक नाय."