पत्र्यावरची वायर

मी वेल्डिंगला बसलो की आमच्या चाळीच्या टीव्हीत माणसं बुटकी व्हायची. घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी माझा गाळा होता, खिडक्यांची ग्रिलं आणि लोखंडी दरवाजे बनवण्याचा. त्याला लागूनच आमची बैठी चाळ. विजेची लाइन एकच, तीही अशक्त. मी रॉड लोखंडाला टेकवला की चाळभर दिवे मंद व्हायचे, पंखे रेंगाळायचे आणि टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आखडायचं. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की बायका दारात येऊन ओरडायच्या, "भावजी, जरा बंद करा ना, त्यांचं लग्न लागतंय."

"माझ्या दरवाजाची उद्या डिलिव्हरी आहे. त्यांच्या लग्नाला मी कशाला थांबू?"

मग टीव्हीसमोर सगळ्यांच्या पुढे बसलेली माझी बायको आतून म्हणायची, "अहो, अक्षता पडू देत, मग करा काय करायचं ते." आणि मी थांबायचो.

गाळा मी स्वतःच्या हिमतीवर घेतला होता. वडील गिरणीत होते, गावची जमीन डोंगरउतारावरची, तिच्यातून नाचणीपलीकडे काही हाती लागायचं नाही. मी पोरवयात कुर्ल्याच्या भंगार बाजारात लोखंड निवडायला लागलो आणि तिथेच भाव करायला शिकलो. लोकांना वाटतं भाव जिभेने होतो. भाव पायांनी होतो. दुकानदाराने किंमत सांगितली की आपण हसायचं. आपण आपली सांगितली की तो हसतो. मग थोडं वर, थोडं खाली, एकमेकांच्या अकलेची चौकशी, आणि शेवटी पाठ फिरवून चालायला लागायचं. खरी कसोटी इथे. भराभर चाललात तर तो समजतो, गिऱ्हाईक गेलं. फार हळू चाललात तर समजतो, नाटक आहे. चाल बरोबर साधली की मागून हाक येते, "ओ शेठ, इधर आओ." हाक लांबलीच तर वाकून बुटाची नाडी सोडायची आणि पुन्हा बांधायची; माझ्या या युक्तीला बायको नेहमी हसायची. पण ती हाक मला आली नाही असं कधी झालं नव्हतं.

फक्त विजेच्या ऑफिसात माझं काही चालत नव्हतं. थ्री फेजचं, म्हणजे कारखान्याला लागतं तसं भक्कम विजेचं कनेक्शन मिळालं तर मोठ्या गेटांची कामं घेता आली असती, म्हणून रीतसर अर्ज केला. त्या अर्जापायी मी इतक्या फेऱ्या मारल्या की तिथला चहावाला मला बघितल्यावर न विचारता कमी साखरेचा कप आणून ठेवायचा. टेबलामागचे बाबू फार शांत गृहस्थ. शांत माणसासमोर माझं डोकं जास्तच फिरतं.

"तुमचा अर्ज वर गेलाय," ते म्हणायचे.

"वर कुठे? या इमारतीला वरचा मजलाच नाही."

"वर म्हणजे साहेबांकडे."

"साहेब तर हे मागे बसलेत, पेपर वाचतायत."

"म्हणूनच खाली यायला वेळ लागतोय."

मी टेबलावर हात आपटायचो. तो आपटायच्या आत बाबू पाण्याचा ग्लास उचलून धरायचे, इतकी त्यांना सवय झाली होती. एकदा त्यांनी आडून आडून चहापाण्याचा विषय काढला. मी त्यातही घासाघीस केली. त्याचा त्यांना अपमान वाटला आणि अर्ज आणखी वर गेला.

अशातच गल्लीच्या टोकाला एक व्हिडिओ पार्लर निघायचं ठरलं. मालक कुणा पुढाऱ्याचा भाचा. आठवड्याच्या आत लाइनमन आले आणि त्यांनी खांबावरून जाड काळी वायर ओढली. ओढली ती माझ्या गाळ्याच्या पत्र्यावरून, माझ्याच पत्र्याला भोक पाडून, अँगल ठोकून. मी त्या दिवशी मुलुंडला एका सोसायटीत ग्रिलं बसवायला गेलो होतो. संध्याकाळी परत येऊन बघतो तर डोक्यावरून थ्री फेज चाललीय आणि खाली माझा रॉड लोखंडाला चिकटून बसतोय.

माणूस पोटासाठी देश सोडतो म्हणतात. माझं पोट व्यवस्थित भरत होतं. पण जे आपल्याला रांगेत उभं राहून मिळत नाही, ते आपल्याच डोक्यावरून दुसऱ्याच्या घरी जाताना दिसलं की माणूस बॅगांच्या किमती विचारायला लागतो. मी घरात शिरलो आणि जाहीर केलं, "मी चाललो आखातात. या देशात राहायचं नाही."

बायको जवळा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जेवून जाणार की आत्ताच?"

मी चिडून सगळं सांगितलं. आमच्या गल्लीतला एक फिटर मस्कतहून सुट्टीवर आला होता, तो सांगायचा, तिथे बटण दाबलं की दिवा लागतो आणि लागलेला राहतो. अर्ज नाही, बाबू नाही, कोणाच्या मामाची ओळख नाही. बायकोने ऐकून घेतलं. "आणि मला कधी नेणार?"

"नंतर. जम बसला की."

"नंतर म्हणजे तुमच्या अर्जासारखं," ती म्हणाली आणि जवळा धुवायला उठली. त्यानंतर मात्र ती रोज बांगड्याचं तिखलं नाहीतर कोलंबीचं कालवण करायला लागली. मीही ताट चाटूनपुसून स्वच्छ करत होतो.

चाळीला मात्र उत्साह चढला. अजून कशात काही नाही, तोवर मागण्या सुरू झाल्या. कुणाला अत्तर, कुणाला टेपरेकॉर्डर, कुणाला न चुरगळणारी साडी. माझ्या शेजारच्या गाळ्यात मालवणचा एक सुतार होता, माझा जुना दोस्त. तो म्हणाला, "येताना माका जपानी करवत घेऊन ये. हयली दोन म्हयन्यांत दात पाडता, मेल्या."

"आधी मला जाऊ दे रे."

"तू जातलंस. तुझ्या तोंडाक कंटाळान सरकार स्वतः इमानात बसवतला तुका."

आखातात माणसं पाठवणारा एक एजंट मी गाठला होता, त्याने अंधेरीला बोलावलं. कारखान्यांच्या वस्तीतल्या एका शेडमध्ये ट्रेड टेस्ट, म्हणजे कारागिराच्या हाताची परीक्षा होती. परदेशी कंपनीचा साहेब स्वतः आला होता, उन्हाने लालबुंद झालेला, अर्ध्या चड्डीतला. प्रत्येकाला दोन जाड प्लेटी द्यायच्या आणि उभा जोड मारायला लावायचा. मी परदेशासाठी घेतलेले नवे बूट घालून बसने गेलो होतो. माझा नंबर आला, तोंडासमोर काच धरली आणि रॉड टेकवला.

त्या क्षणाचा आनंद मला अजून आठवतो. मागे भक्कम वीज होती. ठिणगी थरथरली नाही, रॉड चिकटला नाही, लोखंड तुपासारखं वितळून जागच्या जागी बसत गेलं. इतकी वर्षं मी अडखळणाऱ्या विजेशी झटापट करत काम केलं होतं. माझा हात एवढा चांगला आहे हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. हातोडीने वरची खपली उडवली तर खाली जोड असा निघाला, जसे ताज्या माशाचे खवले. साहेबाने वाकून बघितलं, बोट फिरवलं आणि मला टेबलापाशी घेऊन गेला.

"किती पगार पाहिजे ते विचारतोय," एजंट म्हणाला.

मला हवा होता त्याच्या दुप्पट सांगितला. भावाची सुरुवात अशीच करायची असते. आता साहेब हसेल, अर्ध्यावर येईल, मी छातीवर हात मारून घेईन, आणि मधे कुठेतरी जमेल. माझी सगळी वाक्यं तयार होती.

साहेब म्हणाला, "ओके."

मी एजंटकडे बघितलं. "त्याने नीट ऐकलं ना?"

"ऐकलं. ओके बोलला तो. सही कर, यार."

"एवढ्यात ओके कसं काय बोलतो?"

"अरे, काम आवडलं त्याला तुझं."

"माल आवडला तर जास्त घासायला पाहिजे. न घासता घेतो म्हणजे काहीतरी गडबड आहे."

आमच्या धंद्यात पहिल्याच बोलीला कोणी हो म्हणालं तर दोनच अर्थ निघतात. एक, आपण फार कमी मागितलं. दोन, समोरचा देणारच नाहीये. दोन्ही अर्थ माझ्या डोक्यात एकदम शिरले आणि डोकं तापलं. मी म्हटलं, "त्याला सांग, एवढ्यात जमणार नाही. अजून पाहिजेत."

एजंटने कपाळावर हात मारला, पण सांगितलं. साहेबाने माझ्याकडे शांतपणे बघितलं, अगदी आमच्या बाबूसारखं, आणि म्हणाला, "नो."

झालं, आता कुठे माझ्या पायाखाली जमीन आली. नो म्हणजे सौदा सुरू झाला. "मग मी चाललो," म्हटलं आणि पाठ फिरवली.

चाल अगदी बरोबर होती. भराभर नाही, हळूही नाही. शेडच्या दारापर्यंत आलो, हाक आली नाही. फाटकापाशी वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग दुसऱ्या बुटाची. फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेतला, शेडचं दार नजरेत राहील असा उभा राहून. दुसराही घेतला. ऊन उतरायला लागलं तेव्हा एजंट पान खायला बाहेर आला.

"तू अजून इथेच?"

"बोलावलंय का त्याने?"

"कोणी? तुझ्या जागी कधीच दुसरा घेतला. गप सही केली त्याने."

"पण त्याने मला थांबवायला पाहिजे होतं ना."

"कशाला? तू बोललास, चाललो. त्याला वाटलं, चाललास."

परतीच्या बसमध्ये मी कंडक्टरशी भांडलो. कारण आता आठवत नाही, त्या दिवशी कुठलंही चाललं असतं.

चाळीत सगळे वाट बघत बसलेले. सुताराने तर पेढेही आणून ठेवलेले. काय सांगणार? जे झालं ते सांगितलं. मग बायको हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही चालायला लागलात?"

"लागलो."

"आणि बूट?"

"बांधला."

"दोन्ही?"

मी बूट काढून कोपऱ्यात सारले. पदर तोंडात कोंबूनसुद्धा तिला हसू आवरेना. मग एक एक करत सगळी चाळ हसायला लागली. माझा राग अजून उतरला नव्हता, पण बायकोला इतकं हसताना बघून मलाही नीट रागावता येईना. हसता हसता तिने डोळे पुसले, आणि ते जरा जास्तच वेळ पुसत राहिली. मग आत जाऊन भाताला आधण ठेवलं. पेढे वाया कशाला घालवायचे म्हणून तेही वाटले.

सुतार पेढा तोंडात टाकून माझ्या गाळ्याकडे बघत होता. भोक दिसलं की सुताराला चैन पडत नाही. "काय रे," तो म्हणाला, "तुझ्या पत्र्याक भोक कोणाक इचारून पाडला त्यांनी?"

मी पेढा चावायचा थांबलो. इतके दिवस मी ती वायर बघून जळत होतो. माल माझ्या ताब्यात आहे हे माझ्यासारख्याच्या लक्षात येऊ नये? रागाने डोकं तापलं की हिशेब दिसत नाही तो असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजेच्या ऑफिसात गेलो. बाबूंनी सवयीने ग्लास उचलला. मी हात आपटला नाही. गोड आवाजात म्हटलं, "माझा अर्ज परत द्या. मला कनेक्शन नको."

"नको?"

"नको. आणि माझ्या पत्र्यावरची तुमची वायर तेवढी काढून घ्या. उद्या मी पत्रा बदलतोय. जुना पत्रा अँगलसकट भंगारात जाणार."

"अहो, पण पार्लरचं उद्घाटन तोंडावर आलंय. पाहुणे मोठे येणार आहेत."

"असं होय? माझ्या शुभेच्छा सांगा."

आणि मी पाठ फिरवून चालायला लागलो. भराभर नाही, हळूही नाही. नाडीला हात लावायची वेळच आली नाही. मी दारापर्यंत पोहोचायच्या आत मागून आवाज आला, "ओ शेठ. थांबा हो जरा. बसा तरी, चहा सांगतो."

इतका गोड आवाज मी आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकलाय. मागच्या टेबलावरचा पेपर खाली झाला आणि साहेबांचं तोंड मला पहिल्यांदा पूर्ण दिसलं. माझा अर्ज त्याच दिवशी वरून खाली आला. पण मी लगेच हो म्हणालो नाही. आधी पत्र्याचं भोक बुजवून घ्यायचं कबूल करून घेतलं, मग वायर पत्र्यावरून काढून भिंतीच्या कडेने न्यायचं. बाबू घासाघीस करत होते, मी करत होतो, साहेब मधे पडत होते. चहावाला कमी साखरेचा कप घेऊन आला आणि तमाशा बघत उभाच राहिला. दोन्हीकडची माणसं घामाघूम झाली आणि खूश झाली.

कनेक्शन आलं त्या आठवड्यात मी रविवारी संध्याकाळी मुद्दाम काम काढलं. रॉड टेकवला आणि वाट बघितली. कोणी ओरडलं नाही. मशीन बंद करून चाळीत डोकावलो तर हीरो पुरेपूर उंच, आणि बायको सगळ्यांच्या पुढे. "या ना आत," ती म्हणाली, "बसा बघत." आणि सरकून तिने जागा केली.

माझा राग गेला असं समजू नका. जे रीतसर मिळायला हवं होतं त्यासाठी मला माझ्या पत्र्यातलं भोक विकावं लागलं, हे मी विसरलेलो नाही. अंधेरीकडे जायचं झालं की त्या शेडच्या फाटकावरून बस जाते, आणि अजून माझी मान तिकडे वळते. त्या साहेबाला भाव करता येत नव्हता यात शंकाच नाही. पण मला राहून राहून वाटतं, दुसऱ्या बुटाची नाडी मी जरा घाईत बांधली.