आजीची म्हणून सांगितलेली अंगठी

त्रेसष्ट साली सोन्याच्या कायद्याची बातमी दादांना मीच वाचून दाखवली. दादा म्हणजे माझे वडील. चिंचवड गावठाणात आमचं सोनाराचं घर. शेगडी, ऐरण आणि फुंकणी यांच्यापलीकडे आमच्यात कुणी काही शिकलेलं नव्हतं. घराण्यातला पहिला पदवीधर मी. बी. एस्सी. झालो आणि पिंपरीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. हे मी मिरवायला सांगतो असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू द्या, थोडं मिरवायलाच सांगतो.

बातमी अशी होती की यापुढे चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही. घरातला जुना दागिना आहे तसा ठेवता येईल; पण तो मोडून नवा केला, तर नवा चौदाचाच झाला पाहिजे. नाहीतर खटला आणि तुरुंग. दादांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं.

"चौदा म्हंजे निम्म्याला तांबंच की रं," ते म्हणाले. "त्याला सोनं कोन म्हनंल?"

कुणीच म्हटलं नाही. गिऱ्हाईक यायचं थांबलं. काही महिन्यांतच दादा माझ्याच कारखान्यात यंत्रांना तेल घालायच्या कामाला लागले. आमच्या नात्यातल्या एका सोनाराला याच कायद्याखाली पकडून नेलं होतं. तो सुटून आला तेव्हा कुणी मोठ्यानं हाक मारली तरी दचकायचा. त्याला बघून आल्यावर दादांनी दुकानाच्या खोलीला कुलूप घातलं आणि हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकली.

अशात माझं लग्न ठरलं. मुलगी चाकणची, तीही सोनाराचीच. साखरपुड्याला मुलाकडून अंगठी न्यायची. मी म्हणालो, बाजारातली चौदाची घेऊ. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर माळ्यावरचं पोतं खाली होतं आणि आईच्या हातात एक पाटली कमी होती.

"सून सोनाराची," दादा म्हणाले. "तिच्या बोटात ह्यो सोनार तांबं घालनार न्हाई."

"आणि कुणी धरलं तर?"

"धरलं तर बघू," असं ते म्हणाले खरे, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. कायदा मी वाचला होता. दादांनी नुसता ऐकला होता. वाचलेल्या माणसाला भीती जास्त वाटते, असा माझा अनुभव आहे.

दादांची दुसरी पाळी होती, म्हणून काम सकाळी करायचं ठरलं. आता सोनारकाम लपवणं किती अवघड असतं ते सोनाराच्या आळीत राहिलेल्यालाच कळेल. हातोडीची टिकटिक सगळे ओळखतात. कोळशावर फुंकणी मारली की तो वासही ओळखतात. यावर आईनं उपाय काढला. तिनं अंगणात चुलीवर लाल मिरच्या भाजायला घेतल्या आणि उखळात मसाला कुटायला बसली. मिरचीच्या ठसक्यानं आळीतली दारं पटापट लागली. आत परसदारच्या खोलीत पडदा ओढून दादा बसले. मी रजा टाकून ओट्यावर, वर्तमानपत्र घेऊन. कुणी येताना दिसलं की मी मोठ्यानं वाचायचं, ही खूण.

पहिल्या सकाळी पाटलीचा तुकडा वितळवून तार आणि पत्रा निघाला. दुसऱ्या सकाळी अंगठीचं कडं वळवून टोकं झाळून जोडायची होती, आणि नेमकी तेव्हाच शेजारची काकू नाकाला पदर लावून आली. मी घसा ताणून बाजारभाव वाचायला लागलो.

"काय रं पदवीधरा," ती म्हणाली, "एवढं शिकून अजून मोठ्यानंच वाचावं लागतंय व्हय तुला?"

ती थेट अंगणात गेली. "भावजी कुठं हायेत?"

"झोपल्यात. दुसरी पाळी हाय न्हवं," आई म्हणाली.

तेवढ्यात आतून टिक, टिक. दादांना आमचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. आईचा हात उखळातच थांबला.

"उंदरं झाल्यात लई," आई म्हणाली.

"उंदरं? आन् हातोडी घिऊन?"

काकूनं आईकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मग पदर खोचला, आईच्या हातातलं मुसळ काढून घेतलं आणि असं काही कुटायला लागली की उखळ फुटतंय की काय असं वाटावं. तिला सगळं कळलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात एवढंच आलं की आता हे घराबाहेरच्या माणसाला माहीत झालं. काकू बोलणारी नव्हती, पण तिचा नवरा होता, नवऱ्याचे पत्ते खेळणारे मित्र होते. त्या दिवसापासून नाक्यावर चार माणसं बोलत उभी दिसली, की ती आमच्याबद्दलच बोलताहेत असं मला वाटायचं.

दादा साधं एका खड्याचं कोंदण करतील असं मी धरून चाललो होतो. त्यांनी खड्यांची डबी काढली. मधोमध पाचू, त्याच्या भोवती बारीक माणकांची दाट ओळ, खांद्यांवर दोन्हीकडे फिरोजे. आमच्यात अशी रंगीबेरंगी अंगठी कुणी घालत नव्हतं.

"एवढे खडे कशाला, दादा?"

"सोनं दिसू न्हाई म्हनून," ते म्हणाले. "बावीसचा पिवळेपना लांबनं वळखू येतो. खडं लावलं की नजर खड्यावर जाती."

लाखेच्या दांडीवर अंगठी रोवून ते सळईनं एकेका खड्यावर सोन्याची कड दाबत होते. सोनं झाकायचं म्हणून माणकं इतकी जवळ बसवायची होती, की कड दाबायला जागाच उरत नव्हती. बाहेर सायकलची घंटी वाजली तरी त्यांचा हात थांबायचा. एकदा सळई सटकली आणि अंगठ्यात शिरली. त्यांनी आवाज केला नाही. अंगठा तोंडात धरला आणि बाहेरची चाहूल घेत बसून राहिले.

अंगठी झाली. रिठ्याच्या पाण्यात घासून त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. मी रसायनशास्त्र शिकलेला माणूस, फार हळवा नाही. पण तशी अंगठी मी आजतागायत पाहिली नाही. ती लाल-हिरवी-निळी गोष्ट हातात घेऊन माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हिच्यामुळे माझा बाप तुरुंगात जाऊ शकतो.

साखरपुडा चाकणला मुलीच्या घरी होता. एसटीत आईनं अंगठी कमरेच्या पिशवीत ठेवली होती आणि वाटभर तिथं हात ठेवून बसली होती. घरात शिरलो तर सतरंजीवर पाहुण्यांच्या पुढच्याच रांगेत एक गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, चष्मा, हातात अडकित्ता. सासऱ्यांनी कौतुकानं ओळख करून दिली.

"हे आमचे भाडेकरू. पुण्याला असत्यात हापिसात. सोन्याच्या खात्यात."

दादा माझ्याकडे बघेनात. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

आता आमच्या लोकांतली एक पद्धत सांगितली पाहिजे. मुलीचा बाप सोनार असेल तर मुलाकडचा दागिना तो आधी कसोटीवर घासून बघतो आणि काय कस आहे ते चारचौघांत सांगतो. मगच दागिना ताटात ठेवायचा. कायदा आल्यापासून सगळे नुसतं घासल्यासारखं करत आणि "ठीक हाय" म्हणत. सासरेही तसंच करणार होते, यात शंका नाही. पण अंगठी हातात आल्यावर ते कायदा विसरले, भाडेकरूला विसरले, सगळंच विसरले. त्यांनी ती उजेडात धरली, फिरवली, खिशातून कसोटी काढून घासली, आणि जन्मभराच्या सवयीनं खणखणीत आवाजात म्हणाले,

"बावीसला कुटं कमी न्हाई! वा, व्याही, वा! काय हात हाय!"

अडकित्त्याचा आवाज थांबला. सासऱ्यांचं तोंड उघडंच राहिलं; त्यांना कळलं होतं, पण शब्द तर निघून गेले होते.

"बघू," भाडेकरू म्हणाले.

अंगठी त्यांच्या हातात गेली. त्यांनी चष्मा वर सरकवला. "सुरेख आहे. कुणी केली?"

दादांचे ओठ हलले. मी त्यांचा मुलगा आहे, मला माहीत होतं ते काय बोलणार. त्यांच्याकडून खोटं निघालं नसतं. म्हणून मीच बोललो. "जुनी आहे. माझ्या आजीची."

जुना दागिना चालतो हे मला पाठ होतं. शिक्षणाचा उपयोग झाला तो असा.

भाडेकरूंनी कडेवरून अंगठा फिरवला. "जुनी वाटत नाही हो. कड कुठे झिजलेली नाही."

ते दादांकडे बघत होते. आता दादांनाच बोलावं लागणार होतं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "तिनं कधी घातलीच न्हाई."

मला वाटलं, सुटलो. पण बायकांतून मुलीच्या आत्याचा आवाज आला. "का बरं न्हाई घातली? रांडाव होती का काय? तसली अंगठी आमच्या पोरीला न्हाई चालायची!"

आजी विधवाच होती. तिला पांढऱ्या कपाळानं पाहिलेली आमची माणसं मागे बसली होती. कुणी काही बोललं असतं तर लग्न मोडलं असतं, आणि अंगठी आजीची नाही म्हटलं असतं तर समोर चष्मा होताच. पायाखालची सतरंजी सरकतेय असं मला खरोखर वाटलं.

आई उठली. सरळ पुरुषांच्या बैठकीत आली आणि भाडेकरूंपुढे हात पसरला. "आना इकडं," ती म्हणाली. अंगठी घेऊन आत्याकडे वळली. "सासूबाईंनी ती मला दिली. माजी हाय. आन् मी ही कुकू लावून तुमच्यापुढं उभी हाय. आनखी काय बघायचं?"

आत्या पुटपुटत मागे सरकली. मुलीनं स्वतःहून हात पुढे केला. आईनं अंगठी घातली.

भाडेकरू जेवायला थांबले. जाताना दादांच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुमच्या आईंची आवड चांगली होती हं." त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे आम्हाला कधीच समजलं नाही. हळद लागेपर्यंत आमच्या घरात कुणी धड झोपलं नाही. दारावर थाप पडली की दादा आधी परसदाराकडे बघायचे. कुणी आलं नाही.

चौदाचं बंधन पुढे उठलं. दादा मात्र पुन्हा शेगडीवर बसले नाहीत. कारखान्यातूनच निवृत्त झाले. आम्ही निगडीला प्राधिकरणात घर बांधलं. तिथल्या बायका माझ्या बायकोचा हात धरून विचारायच्या, ही असली अंगठी कुठल्या पेढीतली? दादा खुर्चीवर बसलेले असायचे. ती त्यांच्याकडे बघायची. ते म्हणायचे, "माज्या आईची हाय ती."

एकदा अशीच एक बाई अंगठीचं विचारून बायकोबरोबर आत घर बघायला गेली, तेव्हा मी चिडलो. "दादा, आता कुणी काही करत नाही. सांगा की तुमच्या हातची आहे म्हणून. मी सांगू का?"

"गप," ते म्हणाले. मग खिडकीतून रस्त्याकडे बघून घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "तू शिकलेला हायेस. कायदा परत येनार न्हाई असं लिवून देशील?"

लिहून देता येईल असं मला वाटलं नाही. ती बाई बाहेर आली तेव्हा मी तिला पाणी आणून दिलं आणि म्हणालो, "हो, आजीची आहे. जुनं काम."