कॉन्सल की कौन्सिल

"हे आपल्या अखत्यारीत येत नाही," असं म्हणण्यापूर्वी ते मिशीवरून बोट फिरवीत. तुमच्याही गावात असा एखादा ऑनररी मॅजिस्ट्रेट असेल. आमच्या वाशीमचे हे साहेब आमच्या शेजारीच राहत. शेती भरपूर, साहेबलोकांना हुरड्याला बोलावण्याची हौस त्याहून भरपूर. कायद्याचा त्यांचा अभ्यास एवढाच.

इंग्रजीत त्यांना सहीपुरतं येई. म्हणून इंग्रजी बोलणारा आरोपी आला की मला, इंग्रजी शाळेतल्या पोरीला, बोलावणं येई. मी कोपऱ्यात उभी राहून विचारलं तेवढंच सांगत असे.

जपानशी लढाई चालू होती त्या दिवसांत शिपायांनी सायकलवरून रेशीम विकणारा एक चिनी पकडून आणला. कारंज्यापासून रिसोडपर्यंतच्या बायका त्याला ओळखत. पण त्याच्याजवळ परवाना नव्हता, आणि डोळे बारीक म्हणजे जपानी, असं शिपायांनी ठरवून टाकलं होतं.

तो मला इंग्रजीत म्हणाला, "माझ्या कॉन्सलला कळवा. परक्या मुलखात अटक झालेल्याचा तो हक्क असतो. अकोल्यात माझी बायको एकटी आहे. मी कुठे आहे ते तिला कळू द्या."

मी ते मराठीत सांगितलं.

"कौन्सिल?" साहेब खो खो हसले. "अबे, कौन्सिलच्या इलेक्शनात मी दोनदा पडलो, अन् याची तिथं वळख निंगाली!"

"काका, कौन्सिल नाही, कॉन्सल. कलकत्त्याला त्यांच्या सरकारचा माणूस असतो."

"तू मले कायदा शिकवून राह्यली काय, पोरी?" मग कारकुनाकडे वळून म्हणाले, "लिही रे नागपूरले. कौन्सिलच्या मेंबरायले कळव."

नागपूरचं उत्तर आलं : हा इसम आमच्या माहितीचा नाही.

"पाह्य, त्याचंच कौन्सिल त्याले वळखत नाही!" असं म्हणून त्यांनी त्याला पोलिसांच्या हवाली केलं. पोलिसांनी नजरकैदेच्या कुठल्या छावणीत नेलं, ते कोणी विचारलं नाही. रेशमाचा मात्र लिलाव झाला. पिवळा तागा साहेबांनीच घेतला. दुसरं कोणी बोली लावायला धजलं नाही.

थंडी पडू लागली तेव्हा त्याची बायको अकोल्याहून शोधत आली. साहेब त्याच ताग्याचा कोट घालून बसले होते.

"मेरा आदमी?" तिने विचारलं.

"छावणीत हाय. कोणत्या, ते मले काय मालूम?"

ती पुढे झाली. कोटाची बाही मुठीत धरून तिने कापड बोटांनी चाचपलं. मग त्यांना नाही, मला विचारलं, "ये इधर है. वो किधर?"

"सोड नं, बाई!" साहेब ओरडले. "बाही फाटंल!"