हातात न्हाई तर कमरेला

बिरू आप्पांचा चाकू उसना हवा असेल तर आप्पांनाही सोबत उसनं आणावं लागे. थट्टा नाही, वडगाव रासाईतल्या आमच्या वस्तीची ती रीतच होती. मी इथल्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात माझ्या पुस्तकांच्या खोक्याची सुतळी काही केल्या सुटेना. शेजारच्या ओट्यावर एक लालभडक फेट्याचा गृहस्थ बसला होता. म्हटलं, "आप्पा, जरा चाकू देता का?" ते "देतो की" म्हणाले आणि उठून माझ्यामागोमाग चालू लागले. मी हात पुढे केलेला, तो तसाच राहिला. घरात येऊन त्यांनी कोपरीच्या खिशातून चाकू काढला, तेव्हा कुठे मला उलगडा झाला. चाकूच्या शेपटीच्या कडीतून काळ्या लोकरीची दोरी निघाली होती आणि ती थेट धोतराच्या आत, करदोड्यापर्यंत गेली होती. सुतळी कापली. पातं मिटलं. चाकू खिशात गेला. मग आप्पांनी दोरीला दोन हलके हिसके दिले आणि स्वतःशीच म्हणाले, "आला घरी."

पुढची वीस वर्षं मी तो चाकू कितीदा उसना आणला याची गणती नाही. कधी खरंच काम असे, बहुतेकदा आप्पांना घरी आणायचं असे. आप्पांच्या घरची मेंढरं त्यांच्या तरुणपणीच संपली होती. आता दोन एकर ऊस, चार शेळ्या आणि हौस म्हणून पाळलेली एक मेंढी. तरी दिवसभर चाकूला काम असायचं. ठिबकची नळी काप, खताच्या गोणीची शिवण उसव, शेळीसाठी बाभळीचे डहाळे छाट, मेंढीची खुरं तास. प्रत्येक कामानंतर दोन हिसके आणि "आला घरी." मी एकदा मोजायला बसलो होतो. दुपारच्या चहापर्यंत एकोणतीस झाले, मग मलाच डुलकी लागली.

दोरीचं शास्त्र होतं. आप्पा ते विचारलं की सांगत आणि नाही विचारलं तरी सांगत. "हात जितका लांब, तितकी दोरी. जास्त ठिवली तर पडल्यावर पायाला चावतो. कमी ठिवली तर कामाला आखडतो." खिसा त्यांनी स्वतः शिवलेला, वर झाकण, झाकणाला बटण. चाकूची उघडायची बाजू खिशाच्या शिवणीला टेकलेली, म्हणजे मनात आलं तरी चाकूला आत तोंड उघडता येऊ नये. आणि काम करताना मध्येच कोणी हाक मारली, फोन वाजला, तंबाखूची तलफ आली, तरी चाकू बांधावर, दगडावर, फांदीच्या बेचक्यात, कुठेही ठेवायचा नाही. "हातात न्हाई तर कमरेला. तिसरी जागा चाकूला न्हाई, मास्तर."

या नियमापायी त्यांनी एकदा पाटसच्या साखर कारखान्यावर मोठी गंमत केली. मुलगा तानाजी ट्रॅक्टरवरून कारखान्यात ऊस घेऊन निघालेला, आप्पा सोबत. गेटावर बिहारकडचा एक तरुण वॉचमन होता, त्याने चाकू पाहिला. "चाचा, चाकू इधर जमा करो, जाते टाइम ले लेना."

"करतो की जमा," आप्पा म्हणाले आणि चाकू त्याच्या टेबलावर ठेवून शेजारच्या स्टुलावर बसले.

"अब अंदर जाओ, चाचा."

"कसा जाऊ? मी बी जमा हाय." आणि त्यांनी दोरीचं दुसरं टोक कुठे जातं ते त्याला दाखवलं. तो बिचारा लाजला. तानाजीचा ऊस खाली होईपर्यंत आप्पा तीन तास तिथे जमा होते. निघताना त्या पोराने त्यांना चहा पाजला होता आणि आप्पांनी त्याच्या चावीच्या जुडग्याला दोरी वळून दिली होती.

हा सगळा खेळ कशासाठी, ते मला हिराकाकींनी सांगितलं, म्हणजे आप्पांच्या बायकोने. लग्नाला वर्ष झालेलं, मेंढरं घेऊन दोघं रानात उतरलेली. आप्पांनी बाभळीचा पाला तोडला, भारा बांधला आणि चाकू क्षणभर त्यावरच ठेवला, उघडाच. मेंढराकडे धावले. काकींनी भारा उचलायला दोन्ही हातांनी कवेत घेतला. "तवापास्नं ही दोन बोटं मिटत न्हाईत," त्या म्हणाल्या आणि उजवा हात पुढे धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ ताठ. त्या हाताने भाकरी थापता येईना. म्हणून आप्पांनी थापायला सुरुवात केली आणि पन्नासएक वर्षं रोज सकाळी तेच थापत होते. वस्तीवर हसणारे हसले. आप्पांनी फक्त दोरी वळली. त्यांची भाकरी मी खाल्ली आहे. चंद्रासारखी वगैरे म्हणणार नाही. कड जरा फाटकी असे. पण काकी दुसऱ्या कोणाच्या हातची खात नसत.

इथपर्यंत मला सांगायला फार आवडतं. वर्गात सांगितलंय, लग्नाच्या मांडवात सांगितलंय, वॉचमनचा आवाजही मी झकास काढतो. यापुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही.

मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात आप्पा विसरू लागले. आधी नावं, मग वार, मग जेवलो की नाही ते. दोरी विसरले नाहीत, पण पातं मिटायला विसरू लागले. उघडा चाकू गुडघ्याशी लोंबत असायचा आणि आप्पा बांधाने चाललेले. एके दिवशी धोतर लाल झालेलं. "रगात? कुठलं?" त्यांनी मलाच विचारलं. तानाजीने चाकू सोडवून लपवला, तर आप्पा अख्खी दुपार गुडघ्यांवर रांगत गवत चाचपत राहिले. "कुणाचा तरी हात पडंल त्याच्यावर," एवढंच म्हणत होते. तानाजीने घाबरून चाकू परत बांधला आणि माझ्याकडे आला. "मास्तर, तुमी काय तरी करा. उद्या मांडीची शीर तुटंल."

मला लगेच युक्ती सुचली. इतकी सुरेख युक्ती सुचल्याचा मला आनंद झाला, हे कबूल करतो. शिरूरच्या बाजारातून तसाच शिंगाच्या मुठीचा चाकू आणला. शाळेच्या पायरीवर घासघासून त्याची धार मारली, टोक गोल केलं. स्नेहसंमेलनाच्या नाटकांत मी पुठ्ठ्याच्या तलवारी केल्यात, त्यामुळे हात बसलेला. मूठ चहाच्या पाण्यात मुरवली, तेल चोळलं. दोन चाकू शेजारी ठेवले तर तानाजीलाही ओळखू येईनात. मग आप्पा दुपारी ओट्यावर झोपलेले असताना मी दोरीची गाठ सोडली. काकी शेजारी बसून बघत होत्या. नवा चाकू बांधून मी दोन हिसकेही दिले. झोपेतच आप्पा पुटपुटले, "आला घरी." तानाजी आणि मी तोंडावर हात दाबून हसलो. काकी हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी बाभळीचा डहाळा कापायला घेतला. कापला नाही. त्यांनी दगड शोधला आणि बसले धार लावत. मी धार मारताना पातं इतकं जाड करून ठेवलं होतं की ते पाजळणार नव्हतंच. त्यांनी सकाळ घालवली, दुपार घालवली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी ओट्यावर जाऊन बसलो. मला वाटलं होतं, चाकूला शिव्या देतील. विक्रेत्याला, लोहाराला, मला, कोणालाही. आप्पांनी चाकू मिटला, जागेवर ठेवला, हिसके दिले आणि स्वतःचा उजवा तळवा उलटसुलट करून बघत राहिले.

"मास्तर, चाकू त्योच हाय. हात गेला माझा."

"न्हाई आप्पा, चाकूच बोथट झालाय."

"चाकू कसा व्हईल? पन्नास वरसं माझ्या कमरेला हाय त्यो." ते मला समजावत होते, लहान मुलाला समजावावं तसं. "आवो, माणसाचा हात जातो. चाकू न्हाई जात."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी एवढा बोलका माणूस, पण गप्प बसलो. तानाजी दारातून मान हलवून 'नको' म्हणत होता आणि मांडीची शीर मलाही दिसत होती.

दुसऱ्या सकाळी आप्पा चुलीपुढे बसले नाहीत. काकींनी पीठ मळून ठेवलेलं. "हात गेलाय," ते म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. सुनेने भाकरी केली, चांगली गोल, काठ कुठेही न फाटलेली. काकींनी अर्धी खाल्ली. पुढे तेवढीही नाही. आठवड्याने त्या माझ्या दारात आल्या. "मास्तर, त्येंचा चाकू त्येंला द्या. लागू द्या काय लागायचं ते. आसं बसून ऱ्हायल्याली मला बघवत न्हाईत."

तानाजीशी भांडून मी खरा चाकू घेऊन गेलो. आप्पांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मुठीवरून अंगठा फिरवला, पातं उघडलं, अंगठ्याच्या नखावर धार बघितली. त्यांचा चेहरा उजळला.

"चांगला हाय," ते म्हणाले. पातं मिटून त्यांनी चाकू माझ्या हातात परत दिला. "कुणाचा हाय? ज्येचा आसंल त्येला नेऊन द्या, मास्तर. शोधत आसंल बिचारा."

"आप्पा, तुमचाच आहे."

त्यांनी कमरेला हात लावला, दोरी ओढली, दोनदा. "माझा माझ्यापाशी हाय."

मी त्यानंतर तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा त्यांनी मला त्या अनोळखी माणसाकडे पाठवलं. शेवटच्या वेळी तर रागावले. "अजून दिला न्हाईत व्हय?"

या पौषात आप्पा गेले. भीमेच्या काठावर सरण रचलं. करदोडा तोडायची वेळ आली तेव्हा त्यांच्या चुलतभावाने साहजिकच आप्पांच्याच कमरेचा चाकू उघडला आणि दोऱ्यावर ओढला. तुटेना. पुन्हा ओढला. दोरा नुसता दबला.

"बिरूचा चाकू आन् बोथट?" कोणीतरी म्हणालं.

"डोकं गेलं तवाच सगळं गेलं," दुसरा म्हणाला. "शेवटी शेवटी चाकूची बी शुद्ध न्हवती."

सगळ्यांनी माना हलवल्या. खरा चाकू माझ्या पॅन्टच्या खिशात होता. माझी बोटं त्यावर होती. बाहेर काढला असता तर सगळं सांगावं लागलं असतं, काठावरच्या दोनशे माणसांसमोर. कोणीतरी करदोडा हिसडून तोडला. तो चाकू दोरीसकट त्यांच्यासोबत सरणावर गेला. वस्तीवर अजून तसंच बोलतात, की बिरू आप्पांनी शेवटी चाकू बोथट होऊ दिला. म्हणून हे लिहितोय. तो चाकू आप्पांचा नव्हता. माझा होता.

दहाव्यानंतर मी खरा चाकू काकींकडे नेला. त्यांनी हातात घेतला नाही, नुसता पाहिला.

"तानाजीला दिऊ नगा, त्यो कुठंबी ठिवतो. तुमीच ठिवा. पर बांधून."

मी म्हटलं, मी करदोडा घालत नाही. त्यांनी ट्रंकेतून काळ्या लोकरीची उरलेली दोरी काढली. एक टोक त्या दोन ताठ बोटांखाली दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने गाठ मारायला लागल्या. एक चाकूच्या कडीला, एक माझ्या पट्ट्याला. बराच वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"बघा वढून," त्या म्हणाल्या.

मी दोरी ओढली. दोनदा. काकी माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या. मला ते दोन शब्द पाठ आहेत, आप्पांच्या आवाजातही काढता येतात. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत.