अँटिगाची चौकशी

आयुष्यात कधी इगतपुरीच्या पलीकडे न गेलेला, पण अँटिगा बेटावरच्या इंग्लिश हार्बर नावाच्या बंदरात डोळे बांधून सोडला तरी न चुकता धक्क्यावर पोहोचेल, असा माणूस पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. अँटिगा म्हटलं की आम्हाला क्रिकेट आठवायचं. मामांना क्रिकेटचा तिटकारा होता. "त्या बेटावर दिवसभर उन्हात उभं राहून चेंडू कसले अडवता? जुनी गोदी बघा की!" असं ते टीव्हीवरच्या खेळाडूंना सुनावायचे.

मामा नाशिकच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचे. 'माहीत नाही' हे शब्द त्या खिडकीतून कधी बाहेर पडले नाहीत. पेठच्या डोंगरातून आलेल्या म्हाताऱ्याने "सायब, द्राक्षाच्या कामाला जायाचंय, गाडी कुठं हाय?" एवढंच विचारलं, तरी मामा त्याच्याकडून बागाईतदाराचं नाव काढून घेत आणि पिंपळगावला कुठल्या फाट्यावर उतरायचं, तेही सांगत. गाडी सुटलेली पाहून कुणी धावायला लागलं की खिडकीतून हात बाहेर काढून ओरडत, "धावू नका! मागून गाडी आहे!" पुष्कळदा मागून गाडी नसायची. हे त्यांनी मला निवृत्त झाल्यावर सांगितलं. "पण माणूस धावताना पडतो, जावईबापू. थांबला की त्याचं त्याला काहीतरी सुचतं."

त्यांना अँटिगा लागलं ते नव्वद सालानंतर कधीतरी. एक प्रौढ परदेशी बाई त्र्यंबकची गाडी विचारत आल्या. गाडीला तासभर उशीर होता. मामांनी त्यांना आपलं स्टूल दिलं आणि थर्मासमधला अर्धा चहा दिला. बाई बसून काहीबाही लिहीत होत्या. गाडी लागली, एकच झुंबड उडाली, आणि गर्दी ओसरल्यावर मामांना खिडकीच्या फळीवर एक पुस्तिका दिसली. इंग्लिश हार्बरमध्ये काय पाहावं आणि काय करावं, याची ती माहिती होती. मामा "मॅडम! बुक! बुक!" करत गाडीमागे धावले. स्वतः धावण्याची नोकरीतली ती त्यांची एकमेव वेळ. बाईंनी खिडकीतून हसून हात हलवला, मामांनी पुस्तिका हलवली, बाईंनी पुन्हा हात हलवला, आणि गाडी गेली.

नियम म्हणजे नियम. मामांनी तिथल्या तिथे 'सापडलेली वस्तू'ची चिठ्ठी भरली आणि शेवटच्या पानावर खळ लावून पक्की चिकटवली. पुढे सहा महिने कुणी आलं नाही. वस्तू भांडारात जमा करायची, तर तिथले उंदीर मामांच्या चांगल्या ओळखीचे होते. म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच नियम मोडला आणि पुस्तिका पंचवटीत घरी आणली. मग शब्दकोश घेऊन ती वाचली. एकदा नव्हे, पाठ होईपर्यंत.

त्यानंतर आमची सुटका नव्हती. पंचवटीत यात्रेकरूला रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन असं क्रमाने नेतात, तसंच मामा अँटिगाचं दर्शन घडवत. आधी गोदी. तिथे छप्पर उडून गेलेले जाड दगडी खांब उभे आहेत, ते मोजायचे. मग जहाज एका कुशीवर कलतं करून त्याचा तळ घासायला दोर ओढायची ती प्रचंड चक्रं बघायची. मग पाण्याच्या कडेकडेने चालत बंदराच्या तोंडावरचा किल्ला. "आणि रविवार असेल तर संध्याकाळी टेकडीवर. तेलाच्या रिकाम्या पिंपांची वाद्यं करून वाजवतात. खाली सगळं बंदर दिसतं. चपला काढायची गरज नाही." एकदा रामकुंडावर एका नातेवाइकाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे ताटकळले होते. मामा गुरुजींना हळूच म्हणाले, "तिकडे पेलिकन पक्षी असतात. पिंड काय, पत्रावळसुद्धा ठेवणार नाहीत." गुरुजींना हसू आवरेना आणि यजमानांनी वर्षभर अबोला धरला.

आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. पण जेवताना मध्येच त्यांचा घास हातात राहायचा, तो कशामुळे हे मामींनी मला एकदा सांगितलं. त्यांना वाटायचं, ती बाई इथून पुढे त्या बंदराला गेली असणार. एकटी, वय झालेलं, हातात पुस्तक नाही. "माझ्या खिडकीवर आलेलं माणूस कधी वाट चुकलं नाही. ही एकच चुकली," असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी सगळं पाठ केलं होतं. बाई कधी परत विचारायला आल्याच, तर उत्तर तयार असावं!

दोन हजार चार-पाचच्या सुमारास पुस्तिकेची पानं सुटायला लागली. तिची झेरॉक्स काढून आणायला मामांनी मला पाठवलं. दुकानात शेवटचं पान काचेवर सपाट दाबताना वाळलेली खळ तडकली आणि चिठ्ठी सुटून माझ्या हातात आली. तिच्याखाली निळ्या शाईत चार ओळी होत्या. मी तसाच मामांच्या घरी आलो आणि त्यांना त्या मराठीत वाचून दाखवल्या. 'खिडकीतल्या सद्गृहस्थांस. चहाबद्दल आभार. हे माझं गाव आहे, माझा जन्म तिथलाच. कधीही या, सगळं मी स्वतः दाखवीन.' खाली नाव आणि पत्ता.

मामांनी सुटलेली चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे ती हरवली नव्हती." त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि लगेच उतरला. "बोलावणं होतं ते. आणि मी न बघताच त्यावर चिठ्ठी डकवली."

मला हसायला हवं होतं, इतक्या वर्षांच्या टिंगलीनंतर तर हवंच होतं. पण हसू आलं नाही. फार वाईट वाटलं.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून उत्तर लिहायला बसवलं. तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती. गुडघे असे, की रामकुंडाच्या पायऱ्याही बंद झालेल्या. त्यांनी आधी उशिराबद्दल माफी सांगितली, मग दगडी खांब अजून तितकेच आहेत का, ते विचारायला लावलं. आणि येण्याचं काय लिहू, असं मी विचारलं.

"लिहा," ते म्हणाले, "आज गर्दी आहे. मागून गाडी आहे, तिनं येतो."

मामांच्या तोंडी त्या वाक्याचा अर्थ काय असतो, ते मला ठाऊक होतं. बाईंना ठाऊक नव्हतं. म्हणून मी ते माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत जसंच्या तसं लिहिलं आणि पाकीट पंचवटीच्या पोस्टात टाकून आलो.